उपाशी वाफा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न फिरू लागतो, ‘आता पुढे काय?’ उत्तरेही ठरलेली असतात. मार्क चांगले असतील तर डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, पदवी झाली असेल तर स्पर्धा परीक्षा, आणि काहीच जमले नाही तर पोलीस भरती. कलेक्टर व्हा, तहसीलदार व्हा, असे मुलांना सांगणारी वडील मंडळी विहारात दर रविवारी भेटतात. त्यात वावगे काही नाही. मोक्याच्या जागांवर आपली माणसे असावीत हा बाबासाहेबांचाच आग्रह होता. पण ‘माझी पोरगी संशोधन करणार आहे’ असे अभिमानाने सांगणारी आई मला आजवर दोन-चारदाच भेटली. संशोधन म्हणजे काय, ते कोण करते आणि त्यात आपला काय संबंध, असे अनेकांना वाटते. म्हणून या पानावर चार शब्द लिहिते आहे.

मी कृषी महाविद्यालयात सांख्यिकी शिकवून निवृत्त झाले. सांख्यिकी म्हणजे आकड्यांचे शास्त्र. पण या शास्त्राची पहिली ओळख मला कोणत्याही पुस्तकातून झाली नाही, ती झाली माझ्या मायमुळे. माय एका सरकारी फार्मवर रोजाने निंदणी-खुरपणीला जायची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन आम्ही दिवस काढले आणि त्यानंतर तिला हे काम मिळाले. तिथे शेताचे लहान लहान वाफे पाडलेले असत. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी खुंटी, खुंटीवर पाटी, पाटीवर अक्षर आणि आकडा. मायला अक्षर ओळखता येत नव्हते, पण कोणत्या वाफ्याला किती खत पडते हे तिला पाठ होते. त्यातल्या काही वाफ्यांना खताचा दाणाही मिळत नसे. त्यांना ती ‘उपाशी वाफा’ म्हणायची. घरी आली की सांगायची, ‘‘आज उपाशी वाफ्यातलं निंदलं गं. पिवळं पडलंय बिचारं. साहेबाला म्हटलं, ह्याला बी मूठभर टाका की. तर साहेब हसला.’’

साहेब का हसला हे मला पुढे नागसेनवनातल्या विज्ञान महाविद्यालयात आणि नंतर एम.एस्सी.ला कळले. उपाशी वाफ्यावाचून प्रयोगाला अर्थच नसतो. खत घातलेल्या वाफ्यात पीक जोमदार आले, तर ते खताने आले की पावसाने, की मुळात जमीनच चांगली होती? हे सांगायला शेजारी बिनखताचा वाफा लागतो. त्याला पुस्तकात ‘नियंत्रण वाफा’ म्हणतात. मी पंचवीस-तीस वर्षे वर्गात तो शब्द फळ्यावर लिहिला आणि दर वेळी खाली लिहिले, ‘म्हणजे उपाशी वाफा’. मुले हसायची, पण परीक्षेत कोणी विसरायचे नाही.

जगातला सर्वांत जुना उपाशी वाफा इंग्लंडमध्ये रॉदॅमस्टेड इथे आहे. खताचा कारखाना काढणाऱ्या जॉन लॉज या जमीनदाराने १८४३ साली तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. काही पट्ट्यांना शेणखत, काहींना रासायनिक खत, आणि एका पट्ट्याला काहीच नाही. त्या पट्ट्याला तेव्हापासून आजपर्यंत खत मिळालेले नाही. तरी तो दरवर्षी थोडा का होईना गहू देतो. पाऊणशे वर्षांत त्या शेताच्या आकड्यांच्या वह्यांचे ढीग साचले. त्यांतून काही निष्पन्न होते का हे पाहायला १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाच्या तरुण गणितज्ञाला नेमले गेले. पावसाचा गव्हाच्या उताऱ्यावर काय परिणाम होतो, जमिनीचा कस किती वेगाने उतरतो, हे सगळे त्याने त्या वह्यांतून शोधले. आज औषधाच्या चाचणीपासून बियाण्याच्या चाचणीपर्यंत सगळीकडे वापरले जाणारे सांख्यिकीचे नियम त्या मातीतून निघाले आहेत.

त्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. पूर्वी शेतावर प्रयोग करणारा साहेब आपल्या आवडीचे बियाणे नकळत चांगल्या वाफ्यात टाकायचा. मग ते बियाणे जिंकणारच! फिशरने सांगितले, कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे साहेबाने ठरवायचे नाही. चिठ्ठ्या टाका. जे बियाणे ज्या वाफ्याच्या नावाने निघेल तिथे ते पेरा. एकाच वाफ्यावर विसंबू नका, तीच पेरणी चार ठिकाणी करा. आणि तुलना करायची ती सारख्या जमिनीच्या गटातच करा. उताराचा मुरमाड वाफा आणि विहिरीजवळचा काळा वाफा एकमेकांसमोर उभे करून ‘बघा, ह्याचे बी हलके’ म्हणू नका.

वाचकहो, हे वाक्य शेतापुरतेच आहे का? मला एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न विचारला गेला होता, ‘‘तुम्ही कोणत्या कोट्यातून आलात?’’ मी म्हटले, ‘‘विषयावरचा प्रश्न विचारा.’’ तो त्यांनी विचारला आणि मी उत्तर दिले. पण त्या दिवसापासून ‘गुणवत्ता’ हा शब्द ऐकला की मला वाफे दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाफ्याला पाणी नाही, खत नाही, गावाबाहेरच्या उतारावर ज्याची जागा, त्याच्या उताऱ्याची बरोबरी विहिरीजवळच्या वाफ्याशी करायची आणि दोष बियाण्याला द्यायचा, असा निष्कर्ष माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहिला असता तर मी त्याला शून्य मार्क दिले असते. ते शास्त्रच नव्हे. आरक्षणाला कोणी ‘शास्त्रीय’ विरोध करू लागला की त्याला एवढेच विचारावे, तुमचे वाफे सारखे होते का?

पण इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या फिशरने शेताला न्याय द्यायला शिकवले, तो माणसांच्या बाबतीत तसा वागला नाही. ‘सुप्रजनन’ या नावाने वरच्या वर्गांची प्रजा वाढावी आणि खालच्यांची घटावी असा विचार तेव्हा विलायतेत जोरात होता आणि फिशर त्याचा पुरस्कर्ता होता. सर्व मानववंश बुद्धीने सारखेच आहेत, या धर्तीच्या युनेस्कोच्या निवेदनालाही त्याने हरकत घेतली. म्हणूनच २०२० साली केंब्रिजमधल्या त्याच्याच कॉलेजने त्याच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी काढून टाकली. मग त्याचे शास्त्र टाकून द्यायचे का? तथागतांनी कालामांना काय सांगितले ते आठवावे. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणूनही मानू नका, स्वतः तपासा आणि हितकर असेल ते घ्या. फिशरची रीत तपासून घेतली तर ती फिशरच्याच पूर्वग्रहाविरुद्ध साक्ष देते. शास्त्राची ताकद ही अशी असते. ते सांगणाऱ्याच्या मालकीचे राहत नाही.

आपल्या पुण्यातही अशी मोजदाद फार पूर्वी झाली आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्राचे. १९१२ साली त्यांनी पुण्यातल्या अस्पृश्य वस्त्यांची पाहणी करून लेख लिहिला. १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची घर न्‌ घर, तुकडा न्‌ तुकडा पाहणी छापली. जमीन किती, कर्ज किती, पोट भरते किती जणांचे, याचा हिशेब मांडला. आज त्या गावाच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत, पण त्या काळच्या शेतकऱ्याचे हाल त्या आकड्यांमुळे टिकून राहिले.

आणि दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरचे उपाय या विषयावर बाबासाहेबांचा निबंध प्रसिद्ध झाला. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, मुक्तिदाता म्हणून वंदन करतो. पण ते आधी संशोधक होते, हे आपल्या मुलांना कितीदा सांगतो? १९१६ साली, पंचविशीत, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला. १९१८ च्या त्या निबंधात त्यांनी प्रश्नच उलटा करून दाखवला. सगळे म्हणत होते, शेताचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात. तुकडे जोडा म्हणजे झाले. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्यावर भांडवल किती, अवजारे किती, राबणारे हात किती, यावर ते ठरते. खरा रोग हा आहे की दुसरे काम नसल्यामुळे फार माणसे जमिनीवर रेटली गेली आहेत. उपाय करायचा तर उद्योग वाढवा, म्हणजे जमिनीवरचा भार हलका होईल. शंभर वर्षांनंतरही हे जुने झालेले नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातले सरासरी शेत १.०८ हेक्टर भरले, अनुसूचित जातींच्या शेतकऱ्याचे ०.७८ हेक्टर. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही ते या सरासरीत येतच नाहीत. माझी माय त्यांच्यातली होती.

‘पण आपला मुलगा फिजिक्स शिकून काय करणार?’ असे एका गृहस्थांनी मला विचारले होते. त्यांना मी मेघनाद साहांची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगते. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली एका लहान दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांची जात बंगालमध्ये खालची मानली जायची. कोलकात्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांच्या पंगतीत त्यांना जेवू दिले गेले नाही. त्याच साहांनी १९२० साली असे समीकरण मांडले, की दूरच्या ताऱ्याच्या प्रकाशावरून त्या ताऱ्याचे तापमान काढता येऊ लागले. जगभरच्या खगोलशास्त्रात आजही त्याला ‘साहा समीकरण’ म्हणतात. पंगतीतून उठवलेल्या मुलाचे नाव ताऱ्यांच्या शास्त्रात कोरले गेले!

पण साहा आकाशातच रमले नाहीत. बंगालच्या नद्यांचे पूर त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. नदी का फुगते, गाळ कुठे साठतो, धरण कुठे असावे, हाही पदार्थविज्ञानाचाच प्रश्न आहे, असे ते सतत लिहीत राहिले. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. त्याच्या चौकशी समितीवर साहा होते. आणि त्या वेळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते कोणाकडे होते? बाबासाहेबांकडे. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. नुसता पूर अडवायचा नाही. त्याच पाण्यातून वीज, सिंचन आणि जलवाहतूकही साधायची, असा विचार त्यांनी तिथे मांडला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. एकजण ताऱ्यांचा अभ्यासक, दुसरा अर्थशास्त्र आणि कायद्याचा. दोघांनी जातीचा चटका सोसलेला. आणि दोघांचे ज्ञान एकाच नदीच्या कामी आले. १९५६ हे वर्ष दोघांनाही घेऊन गेले, साहांना फेब्रुवारीत आणि बाबासाहेबांना डिसेंबरात.

त्याच कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस हे फिजिक्सचे प्राध्यापक पुरांचे आणि पावसाचे आकडे तपासता तपासता सांख्यिकीकडे वळले. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि पुढे बंगालच्या तागाचे पीक नमुना पाहणीने मोजून दाखवले. आमच्या साताऱ्याचे पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवण्यात मोठे काम केले. त्यांचे आणि पानसे यांचे १९५४ सालचे पुस्तक कृषी महाविद्यालयातल्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासले. सांगायचे एवढेच, की फिजिक्स, सांख्यिकी, पाऊस-नदीचे शास्त्र आणि शेतकी शिक्षण ही चार घरे नाहीत. एकाच घराच्या या चार खोल्या आहेत, आणि मधली दारे उघडी आहेत.

आता थोडे घरचे सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कृषी पदवीधर झाली. तिला कृषी हवामानशास्त्रात पुढे शिकायचे होते. तिच्या वडिलांनी माझ्याकडे तक्रार केली, ‘‘ताई, तुम्हीच हिच्या डोक्यात हे भरलं. पीएच.डी. म्हणजे पाच वर्षं. तेवढ्यात परीक्षा दिली तर तहसीलदार होईल. आपल्या माणसाला आधी खुर्ची पाहिजे, मग पुस्तक.’’ त्यांचे बोलणे मला खोटे वाटले नाही. ज्या घराने दोन पिढ्या उपास काढले, त्या घराला पाच वर्षे थांब म्हणणे सोपे नसते. पोरगीच म्हणाली, ‘‘बाबा, तहसीलदार दुष्काळाचं काम राबवतो. पण दुष्काळ कशाला म्हणायचं, हे कोणीतरी आधी मोजून ठरवतं ना? मला त्या जागी बसायचंय.’’

तिचा विषय ऐकून मला माझी माय आठवली. हवामानाचे सल्ले शेतकऱ्याला आठवड्यातून दोनदा मिळतात. फवारणी कधी करावी, पीक कधी झाकावे, काढणी कधी उरकावी. पिकाची काळजी आहे, जनावरांची आहे. पण भर उन्हात कपाशी निंदणाऱ्या बाईने किती वाजता सावलीला बसावे? माणसाचे अंग घामाने थंड होते. घाम वाळला तरच. हवेत ओल जास्त असली की घाम वाळत नाही आणि तापमान फार नसतानाही जीव घाबरा होतो. हे साधे फिजिक्स आहे. पुण्यात रामन यांचे शिष्य डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ पासून कृषी हवामानशास्त्राची घडी बसवली. काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिला तर जमीन किती थंड राहते, शांत निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा कशी निवते, हे त्यांनी मोजले. माझी भाची त्याच वाटेने जाते आहे. फक्त तिने थर्मामीटर पिकाऐवजी निंदणाऱ्या बाईच्या शेजारी ठेवला आहे.

वाट सोपी नव्हती. तिच्या फेलोशिपचे पैसे आठ महिने आले नाहीत. बहिणीने कानातले गहाण ठेवून तिची मेस भागवली. कार्यालयात गेले की एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचे. आमचे भावजी, ज्यांनी आधी विरोध केला, तेच सुट्टी काढून तिच्याबरोबर खेटे घालत होते. अशा वेळी किती मुले संशोधन सोडून घरी परततात, याची मोजदाद कोणी ठेवत असेल असे वाटत नाही.

पहिल्यांदा ती शेतात प्रश्नावली घेऊन गेली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने तिला विचारले, ‘‘लिहून नेशील बाई, पण आम्हाला काय?’’ ती मला फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, काय उत्तर देऊ?’’ मी म्हटले, ‘‘त्या बाईला विचार, तिला काय मोजून हवंय.’’ त्या बाया म्हणाल्या, ‘दुपारची सुट्टी कापली की काम खरंच जास्त होतं का, ते मोज. मालकाला वाटतं होतं.’ आता तो प्रश्न तिच्या प्रबंधात आहे. आणि निघेल तो निष्कर्ष आधी त्याच गावच्या विहारात वाचून दाखवायचा, असे तिने ठरवले आहे. मायच्या फार्मवर असे कोणी केले नव्हते. तिने वाफे निंदले, पण त्या वाफ्यांतून काय निघाले ते तिला कोणी सांगितले नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. प्रश्न कोणता विचारायचा हे विचारणारा ठरवतो. आपली मुले-मुली जिथे नाहीत तिथे आपले प्रश्न विचारलेच जाणार नाहीत. पीक विमा मोजतो तो बुडालेले पीक. मजुराचा बुडालेला रोज त्या हिशेबात नसतो. तो मोजायला पाहिजे हे सुचण्यासाठी घरात कोणीतरी रोजाने गेलेले असावे लागते. आपली गरिबी ही लाज नव्हे. संशोधनात ती आपली जास्तीची नजर आहे.

बंधु-भगिनींनो, यासाठी सगळ्यांनी पीएच.डी. करायची गरज नाही. सुरुवात विहारातून होऊ शकते. सरळ उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा एक डबा विहाराच्या गच्चीवर उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला त्यात किती मिलिमीटर पाणी साठले ते पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खातेही त्याच वेळेला पाऊस मोजते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलांना समजावून सांगा. मग विहाराच्या गच्चीवर पावसाळ्यात किती लिटर पाणी पडते याचे गणित सातवीची मुलगीसुद्धा मांडेल. चार महिन्यांनी ती वही तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक आला तर का आला, यावर रविवारच्या वर्गात चर्चा करा. जवळच्या कृषी महाविद्यालयाची परवानगी काढून मुलांना तिथली हवामान वेधशाळा आणि प्रयोगाचे वाफे दाखवून आणा. खुंटीवरची पाटी वाचायला सांगा. उपाशी वाफा कोणता ते त्यांना ओळखू द्या.

धम्माला एहिपस्सिको म्हणतात. या आणि स्वतः पाहा. आपण ते वंदनेत म्हणतो. आता आपल्या मुलांच्या हातात पट्टी आणि वही देऊन ते करूनही पाहू या. घरात एखादे पोर ‘असं का?’ म्हणून सारखे विचारत असेल तर त्याला गप्प बसवू नका. आणि त्याला पाच वर्षे शिकायचे असेल, तर त्याची मेस भागवण्यासाठी एकट्या आईला कानातले गहाण ठेवावे लागू नयेत, एवढी जबाबदारी आपल्या विहारांनी आणि मंडळांनी उचलावी. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग दरवर्षी यासाठी बाजूला काढला तरी पुष्कळ होईल.

जयभीम.